सुपारीएवढी गार

आमच्या निफाडकडे गारेला फूटपट्टी लावत नाहीत. गार हरभऱ्याएवढी असते, बोराएवढी असते, सुपारीएवढी असते. लिंबाएवढी पडली, की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

लहानपणी आम्हांला गारा म्हणजे निव्वळ चंगळ. दुपारभर जिवाची काहिली व्हायची, मग वारा एकाएकी पडायचा, चिमण्या गप्प व्हायच्या आणि पत्र्यावर पहिली टण्ण वाजायची. आम्ही डोक्यावर पोतं घेऊन परातीत गारा वेचायचो. एकदा मी आजीच्या अडकित्त्यात सुपारीएवढी गार धरून कातरली. आत चक्क कांदा! एक पापुद्रा दुधी, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. आजी म्हणाली, "आभाळाची सुपारी आहे ती, बाबा. आपल्याला नाही सोसायची." ओसरीवर बसलेले वडील मात्र काहीच बोलले नव्हते. त्यांची नजर द्राक्षबागेकडे होती.

लासलगावचा कांदाबाजार आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे पापुद्र्यांचं अप्रूप नव्हतं. पण बर्फाला ते कशाला, हे पुढे कॉलेजात कळलं. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्याने वर चढते. उंचावर ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही थेंबरूपातच असतं; कशाला टेकलं की गोठतं. झटकन गोठलं तर हवा आत अडकून थर दुधी होतो, सावकाश गोठलं तर हवा निसटून थर नितळ राहतो. वर चढणारा वारा गारेला असा तोलून धरतो. त्याला ती पेलवेनाशी झाली, की खाली आम्ही असतो.

आणि आमच्याकडे ती नेमकी वेळ साधते. ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेल्या बागेत फेब्रुवारी-मार्चला घडांत साखर भरलेली असते. गारेने मणी फुटतो, रस ओघळतो, मागोमाग बुरशी येते. एका फुटक्या मण्यापायी अख्खा घड जातो. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी असं झोडपलं, की त्या सालाला आजही 'गारांचं साल' म्हणतात. 26 नोव्हेंबर 2023 ला तर माल तयार होण्याचीही वाट तिने पाहिली नाही. कोवळे घड मांडवाखाली झडून पडले. आता काहीजण बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालतात. ज्याला परवडतं, तो घालतो.

गारा वितळायला तासभर पुरतो. पंचनाम्याला दिवस लागतात. पूर्वी पिकाचं निम्मं नुकसान झालं तरच मदत मिळे. 2015 पासून ती अट 33 टक्क्यांवर आली. दहावी पास व्हायला 35 गुण लागतात, बुडालो हे सिद्ध करायला 33 पुरतात, असं पारावर कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

आमच्या गावाचा गारांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो चेपलेल्या पत्र्यांवर आहे आणि त्याहून ठळक आहे तो वेलींवर. एप्रिलच्या खरडछाटणीला कात्री चालवता चालवता वडील मध्येच थांबतात, सालीवरच्या एखाद्या जुन्या वणावर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "ही चौदाची." पुढच्या वेलीपाशी, "ही तेवीसची." सुपारीएवढी की लिंबाएवढी, हेही त्यांना अंगठ्यानेच कळतं.

छाटणीत काड्या जातात. ओलांडा, म्हणजे वेलीची जाड आडवी फांदी, तसाच राहतो, वणांसकट. पुढच्या सालची फूट त्याच्यावरच येते.