दुसरा गियर

गाडी १९७३ची. कागदोपत्री ‘प्रीमियर प्रेसिडेंट’. पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं, आमच्या घरात मात्र ती कायम फियाटच. आप्पांनी ती बेळगावात घेतली, निवृत्त झाल्यावर बंगळूरला आणली, आणि ते गेल्यावर मी चालवत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात नेलमंगलच्या पुढे बेअरिंग गेलं. आधी टकटक, मग लोखंडाचा एकच कडाका. कनेक्टिंग रॉडने ब्लॉकच्या कुशीत मूठ जाईल एवढं भगदाड पाडलं होतं. गियरबॉक्सही थकलेलाच होता.

शिवाजीनगरच्या गुजरीत ज्याला विचारावं तो एकच सांगे: एकशेअठराचं टाका. प्रीमियरने १९८५मध्ये ११८ एनई आणली, तिच्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. नावातलं ‘एनई’ ते त्याचंच. कितीतरी फियाटींत ते बसवलेलं आहे आणि छान धावतं. पण त्यासाठी माउंटिंग नव्याने वेल्ड करायची, जॉइंट शाफ्टची लांबी जुळवायची, गियरची दांडी खालून वर काढायला तळाचा पत्रा कापायचा. स्टीअरिंगखालची दांडी मग गेलीच. कायद्यालाही मूळ बनावटीत असा बदल चालत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना २०२१पासून ‘व्हीए’ अक्षरांची जी व्हिंटेज नोंदणी मिळते, तीही मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच. पण ही कारणं मला नंतर सुचली. मला तोच आवाज हवा होता. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी; सकाळी चोक ओढल्यावर आधी खोकणारं आणि मग एका लयीत गुणगुणणारं.

ते इंजिन कुर्ल्यात सापडलं, सीएसटी रोडच्या भंगारात, गियरबॉक्ससकट. मोडीत निघालेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातलाच. जिथे जन्म, तिथेच भंगार. खरं तर मोटारींचा कारखाना बंगळुरात व्हायचा होता, हे आठवलं की मला आजही चुटपुट लागते. योजना विश्वेश्वरय्यांची, सोबत सोलापूरचे वालचंद हिराचंद. पण महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. वालचंदांनी डिसेंबर १९४०मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला, आजचं एचएएल, आणि मोटारींसाठी १९४४मध्ये मुंबईत प्रीमियर. गोणपाटात गुंडाळलेलं ते इंजिन ट्रकमधून उतरताना पाहिलं तेव्हा वाटलं, ऐंशी वर्षं उशीर झाला, पण आलं.

बोअरिंग झालं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक घासून आला. विल्सन गार्डनमधल्या एका बोळात, पर्जन्यवृक्षाखाली, गॅरेजवाल्या चाचांनी चेन-कप्पीने इंजिन इंच-इंच खाली सोडलं. दुसरा हात सतत त्याच्या पोटाशी, लेकराला पाण्यात उतरवावं तसा. ते बसलं पटकन. घोळ घातला तो गियरबॉक्सने. मी गाडीखाली उताणा, छातीवर ग्रीसचे थेंब, गियरबॉक्स जॅकवर. त्याच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या खाचांत शिरेनात. बोटभर फट राहिली होती. मला वाटलं, बोल्ट आवळून ओढून घ्यावा.

“जबरदस्ती नक्को, साब,” चाचा म्हणाले.

दखनीतला हा ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा. बंगळुरातल्या गल्लीत तो कानावर पडला की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. आणि चाचांचं बरोबर होतं: तसा ओढला असता तर प्लेट वाकली असती. त्यांनी बॉक्स गियरमध्ये टाकला, मागच्या फ्लँजला हात घातला आणि घड्याळाला चावी द्यावी तसा किंचित फिरवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. मी खालून तोलून धरला होता. एका क्षणी माझ्या तळहातांवरचं वजन हललं, बॉक्स आपणहून पुढे सरकला आणि लोखंड लोखंडाला टेकल्याचा बारीक, बसका आवाज आला. चाचांनी डोळे मिटले होते.

इंजिनाचा नवा नंबर आरटीओत नोंदवून घेतला. जुना ब्लॉक मी भंगारात दिला नाही. तो जिन्याखाली आहे.

पहिल्या रविवारी लालबागकडे निघालो. सिग्नल सुटला. पहिला टाकला, गाडी निघाली, क्लच दाबला. आप्पांच्या वेळी दुसरा गियर सरळ पडत नसे. न्यूट्रलला आणायचं, मनात ‘एक’ म्हणायचं, मग टाकायचा. १९८९मध्ये बेळगावच्या कॅम्पातल्या रिकाम्या रस्त्यावर, माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी ते शिकवलं होतं. या बॉक्सला त्याची गरज नाही, दुसरा लोण्यासारखा पडतो. तरी दांडीवरचा माझा हात मधेच थांबला. मागची रिक्षा हॉर्न वाजवू लागली.

मी ‘एक’ म्हटलं आणि दुसरा टाकला.