हवेची वाट

‘साचेबंद’ हा शब्द आम्ही वर्गात किती वेळा वापरला असेल, याची मोजदाद नाही. आम्ही दोघे भावंडे. दोघांचाही पेशा मराठी शिकवण्याचा. एखादी कथा ठरीव वाटेने गेली, की तिच्यावर हा शब्द चिकटवायचा आणि पुढच्या कथेकडे वळायचे, असा आमचा परिपाठ. साचा म्हणजे निर्जीव, साच्यातून निघतात ते सारे छापाचे गणपती, हे आम्ही इतक्या खात्रीने सांगत आलो, की एखादा साचा प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची गरज कधी भासली नाही. ती गेल्या वर्षी भासली, आणि पहिल्या आठवड्यातच कळून चुकले, की सर्व बाजूंनी बंद असलेल्या साच्यातून काहीही निघत नाही. त्याला एक तोंड लागते, ज्यातून द्रव आत जाईल. आणि अशा काही वाटा लागतात, ज्यांतून आधीपासून आत बसलेली हवा बाहेर पडेल. ओतकामातली निम्मी अक्कल ही तोंडे आणि वाटा कोठे ठेवायच्या, यातच खर्च होते.

निमित्त घरगुती होते. आमचे वडील, अण्णा, कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवीत. १९७६ सालच्या उन्हाळी सुटीत त्यांनी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून शाडू आणली आणि आईची एक मूर्ती केली. उंची जेमतेम १७ सेंटिमीटर. आई जात्यावर बसली आहे. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, दोन्ही मुठी खुंट्यावर, पाठ किंचित वाकलेली, मानेवर अंबाडा, आणि ओठ ओवीच्या मध्यावर असल्यासारखे अर्धवट उघडे. मूर्ती भाजायची राहून गेली, ती राहूनच गेली. अण्णा २००३ साली गेले.

आईला आता ८३वे वर्ष आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने तिला समोरचे दिसत नाही. कडेकडेचे पुसट दिसते. वाचन सुटले, मग हळूहळू तिने वस्तूंना हाताने ओळखायला आरंभ केला. दुपारी चहा झाला, की म्हणायची, “ती द्या बरं जरा इकडं.” मूर्ती मांडीवर घेऊन ती चाचपीत बसे. उठली, की तिच्या पदरावर पांढरी भुकटी पडलेली असे. भाजलेली नसलेली शाडू बोटांना किती दिवस पुरणार? आई रोज थोडीथोडी ती मूर्ती झिजवीत होती, आणि हे तिला सांगण्याचे धैर्य आम्हा दोघांतही नव्हते. तेव्हा ठरले, की मूर्तीची एक प्रत रेझिनमध्ये ओतायची. ती आईच्या हातात, मूळ मूर्ती कपाटात.

साचा सिलिकॉनचा करायचा होता. मूर्तीला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन पातळ हात दिले, म्हणजे सच्छिद्र मातीत सिलिकॉन शिरणार नाही. मूर्ती पाटीवर पक्की बसवून भोवती सनमायकाच्या तुकड्यांची चौकट उभी केली, आणि तीत सिलिकॉन बारीक धारेने, एकाच कोपऱ्यातून ओतले. धार बारीक असली, की मिश्रणातले बुडबुडे वरून खाली येतानाच फुटतात. दुसऱ्या दिवशी त्या रबरी ठोकळ्याला उजव्या कुशीच्या रेषेने नागमोडी छेद दिला. छेद नागमोडी द्यायचा, म्हणजे मिटवताना दोन्ही ओठ आपापल्या जागी बसतात. मूर्ती बाहेर काढताना डावे मनगट तुटले.

त्या रात्री आम्ही फारसे बोललो नाही. मनगट डिंकाने जोडता आले, पण जोड दिसतो. आता पूर्ण मूर्ती अशी त्या रबराच्या पोकळीतच उरली होती, उलटी आणि रिकामी. ज्ञानेश्वरीच्या संहितेविषयी शिकवताना आम्ही नेहमी सांगतो, की आपल्या हाती जी आहे तिच्यावर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, केलेल्या शुद्धीकरणाचा संस्कार आहे. त्यामागे जायला फारशी वाट नाही. मूळ हरवल्यावर प्रत काढणाऱ्यावर किती जोखीम येते, हे आजवर आम्हाला केवळ परीक्षेत विचारण्यापुरते ठाऊक होते.

पहिले ओतकाम जुलैत केले, हा शुद्ध अडाणीपणा. आम्ही आणलेले रेझिन पॉलियुरेथेनचे होते. त्याला पाण्याचे वावडे असते. ओलावा मिळाला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि द्रव पावासारखा फुगतो. कोल्हापुरातल्या जुलैत कोरडी म्हणावी अशी वस्तू कोणती? शिवाय मिसळल्यापासून सहा-सात मिनिटांत ते आवळू लागे, म्हणजे बुडबुड्यांना वर येण्यास उसंतच नाही. साचा उघडला तेव्हा अंग सगळे जाळीदार होते. पण त्याचे दुःख नव्हते. चेहऱ्याला हनुवटीच नव्हती. खालच्या ओठापासून मान सुरू होत होती, आणि दोन्ही कोपरे कोणी कापून नेल्यासारखी सपाट होती.

जाळीचा दोष रेझिनचा होता. पुढे आम्ही इपॉक्सी आणले. ते आवळायला बराच वेळ घेते आणि ओलावाही त्या मानाने सोसते. हनुवटीचा दोष मात्र सर्वस्वी आमचा होता. तो कळला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. कवितेच्या तासाला मागच्या बाकावर निवांत झोपणारा हा मुलगा आज शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत आहे. साचा हातात घेऊन त्याने तो उलटासुलटा केला आणि विचारले, “मॅडम, ओतायचं नंतर बघू. आधी आतली हवा कुठनं जाणार, ते सांगा.”

आम्ही मूर्ती डोक्यावर उभी करून तळाच्या उघड्या बाजूने ओतली होती, कारण ते सोयीचे होते. उलट्या मूर्तीत जे अवयव एरवी खाली लोंबतात ते वर तोंड करतात. हनुवटी, कोपर, पदराचा शेव, ही सगळी उलटे ठेवलेल्या वाटीसारखी होतात. द्रव खालून चढत येतो, हवा त्याच्या आधी वर सरकते आणि या वाटीत कोंडते. तिला पुढे जायला जागा नसते, म्हणून द्रवालाही नसते. तो म्हणाला, की वाळूच्या साच्याला तरी वाळूतून श्वास घेता येतो. तरीही ते लोक सुया टोचून त्यात हवेसाठी भोके पाडतात. सिलिकॉन तर एक फुंकरही सोडत नाही. मोठ्या कारखान्यांत असले साचे तीन-चार वातावरणांच्या दाबाखाली ठेवतात, म्हणजे बुडबुडे दिसेनासे होण्याइतके लहान होतात. पण ठेवायच्या जागेचीच चूक असेल, तर दाबालाही मर्यादा आहेत.

त्याने पुढे जे सांगितले ते आम्ही त्याला कधी शिकवू शकलो नसतो. वाट जेथे ठेवाल तेथे ओतीव वस्तूला दांडी राहते. ती कापावी लागते, घासावी लागते. तेथली मूळ त्वचा गेली म्हणून समजा. तेव्हा वाट कोठे हवी हे हवा सांगते, पण कोठे नको हे तुम्ही ठरवायचे. हनुवटीला वाट दिली तर हनुवटी पूर्ण येईल आणि तिच्यावरच कानस चालवावी लागेल. त्यापेक्षा मूर्ती जवळजवळ पालथी झोपवा. चेहरा सर्वांत खाली, म्हणजे तेथे द्रव आधी पोचेल आणि हवा तेथून वर, पाठीकडे पळेल. “पाठीला कोण बघतंय, सर?”

याच सुमारास आम्ही चेल्लिनी पुन्हा वाचला. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना त्याचा पर्सिअसच्या ओतकामाचा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो आहोत: ताप भरलेला शिल्पकार, भट्टीत गोठू लागलेले कांसे, त्यात फेकलेली घरातली कथलाची भांडी. फ्लॉरेन्सच्या चौकात १५५४ पासून उभी असलेली ती मूर्ती कशी जन्मली, याचे हे नाट्य. पण त्याच पानांत, नाट्याच्या आधी, तो साच्याभोवती माती भरताना मोरीला वापरतात तसल्या भाजक्या मातीच्या नळ्या हवेसाठी कशा रचत नेल्या, हे सांगतो. उजव्या पायापर्यंत धातू नीट पोचणार नाही, हे त्याने ड्यूकला आधीच सांगितले होते; आणि तसेच झाले, बोटांपाशी मूर्ती अपुरी आली. आम्ही तापाचा परिच्छेद शिकवला आणि नळ्यांचा गाळला. अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, असे म्हणून सुटता येईल. पण खरे कारण, आम्हाला तो कंटाळवाणा वाटत असे.

असो. तळ ॲक्रिलिकच्या पट्टीने बंद केला, मागच्या कडेला अंगठ्याएवढे तोंड ठेवले आणि त्यावर उंच नरसाळे बसवले. ते वाटांपेक्षा उंच हवेच, नाहीतर द्रव वाटांच्या टोकापर्यंत चढणार कसा? पालथ्या मूर्तीत सर्वांत उंच जागा पाठीच्या मध्यावर येत होती, तेथे दोन मिलिमीटर जाडीची एक वाट पाडली; दोन कोपरांना एकेक. पोकळीत टाल्कम पावडर भुरभुरून झटकली, मुठींत आणि नाकपुड्यांत आधी कुंचल्याने रेझिन भरले, मग ओतले. तिन्ही वाटांतून एकेक थेंब वर आला तेव्हा आम्हा प्रौढ माणसांच्या तोंडून लहान मुलांसारखा आवाज निघाला.

दुसरी प्रत अखंड आली. हनुवटी, मुठी, ओठांमधली फट, सारे जागच्या जागी. पाठीवरची दांडी कापून कानशीने सपाट केली आणि प्रत आईच्या हातात दिली.

तिने चेहरा चाचपला. “मीच आहे,” म्हणाली. मग तिचा हात सरावाने मागे गेला आणि पाठीवर फिरत राहिला. बराच वेळ ती काही शोधीत होती. “इथं यांचा अंगठा होता,” ती म्हणाली. “पदर बसेना, तेव्हा दाबला होता. मी म्हटलं, असू दे.”

आम्ही कपाटातून मूळ मूर्ती काढली. पाठीच्या मध्यावर, पदराखाली, एक उथळ खळगा होता. पन्नास वर्षे आम्ही ती मूर्ती शोकेसमध्ये समोरून पाहिली होती. आई ती मांडीवर घेऊन रोज काय चाचपीत होती, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि वाट ठेवण्यासाठी आम्ही नेमकी तीच जागा निवडली होती, कारण पाठीला कोण बघतंय.

पुढचे दोन दिवस आमचा वाद झाला. एकाचे म्हणणे, साच्याला पुन्हा हात लावू नये. मूर्ती पूर्ण आली आहे, खळगा बारीक कोरणीने करून देऊ. दुसरीचे म्हणणे, आपण कोरलेला खळगा हा अण्णांचा अंगठा कसा होईल? हे बोलणे लवकरच मूर्तीपासून दूर गेले. शेवटच्या दिवसांत अण्णांजवळ कोण होते आणि कोण नव्हते, येथवर ते पोचले. ते येथे मांडण्याचे कारण नाही.

निघालेला मार्ग साधा होता. सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज फारसे काही चिकटत नाही, पण स्वतःला ते पक्के चिकटते. पाठीची वाट ताज्या सिलिकॉनने बुजवली. सुदैवाने ती खळग्याच्या काठावर होती. मध्य शाबूत होता. मग साच्याची डोक्याकडची बाजू दोन बोटे उंच केली. आता सर्वांत उंच जागा पाठ राहिली नाही, अंबाडा झाला. द्रव कमरेकडून शिरून पाठीवरून चढत हवेला अंबाड्यात नेणार होता. तेथे भोक न पाडता पात्याने नुसती चीर दिली. चीर हवेला पुरते आणि वस्तूवर दांडीऐवजी केसाएवढी पापडी राहते. कोपरांच्या वाटाही तशाच केल्या.

तिसऱ्या प्रतीत डाव्या कोपराजवळ मोहरीएवढा एक बुडबुडा राहिला. तो आम्ही भरला नाही. खळगा आला आहे. काठ एका बाजूला जरा बोथट आहे, जेथे आमची वाट होती.

आईने अंगठा खळग्यात ठेवला. तो तिच्या अंगठ्याला थोडा मोठा पडतो. मग अंबाड्यावरची पापडी तिच्या बोटाला लागली.

“हे काय टोचतंय?”

“हवा तिथून बाहेर गेली, आई. घासून देतो.”

“राहू दे आत्ता,” ती म्हणाली, आणि प्रत मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी तिच्या पदरावर भुकटी नव्हती. मूळ मूर्ती कोठे ठेवली, हे मात्र तिने दोनदा विचारले.