तहानलेलें झाड

गेल्या मार्गशीर्षांत मी अमेरिकेंत, न्यू जर्सींत, धाकट्या चिरंजीवाकडे होतों. नाताळाला तीन आठवडे असतांना त्यानें मोटारीच्या टपावर बांधून एक सहा फुटी झाड घरीं आणलें. तें फ्रेझर फर जातीचें होतें. हा वृक्ष मूळचा अपालाचियन पर्वताच्या दक्षिण भागांतला. जॉन फ्रेझर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्यास हें नांव मिळालें. एवढें वाढावयास त्याला शेतांत सात ते दहा वर्षें लागतात.

“चार दिवसांच्या कौतुकासाठीं वाढता वृक्ष तोडावयाचा, ही कसली हौस?” मी बोलून गेलों. सूनबाई शांतपणें म्हणाली, “मामंजी, वटपौर्णिमेला आपणही वडाची फांदी तोडून घरीं आणतोंच कीं! हें झाड तर याचसाठीं लावलेलें असतं.” मजपाशीं उत्तर नव्हतें.

मुलानें बुंध्याचा तळचा इंचभर भाग करवतीनें कापला. झाड तोडून कांहीं तास लोटले कीं राळेनें छेद बुजतो व पाणी वर चढत नाहीं; म्हणून हा ताजा काप. मग पाणी राहील अशा लोखंडी घडवंचींत त्यानें तें बसविलें. बुंधा मावत नसला तरी साल तासावयाची नाहीं. कारण पाणी नेणारे थर सालीलगतच असतात. पाण्यांत साखर वा औषध नको. साधें नळाचें पाणी पुरे. झाड शेगडीपासून दूर असावें व निजतांना त्यावरील दिवे मालवावे. वाळलेलें झाड क्षणांत पेट घेतें.

पाणी घालण्याचें काम माझ्या सात वर्षांच्या नातीनें मजवर सोंपविलें. “आजोबा, विसरायचं नाहीं हं!” पहिल्याच दिवशीं झाडानें चारएक लिटर पाणी ओढलें. आठ दिवस मीं नेमानें पाणी घातलें. पुढें मनांत आलें, मेलेल्या झाडास पाणी तें कशाला? दोन दिवस हयगय झाली. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों भांडें कोरडें ठणठणीत, आणि हात लागतांच सुया गळताहेत! घाईघाईनें पाणी ओतलें. पण संध्याकाळपर्यंत तें थेंबभरही उतरलें नाहीं.

नातीनें शाळेंतून येतांच खालचा सडा पाहिला. “आजोबा, पाणी घातलं होतं ना?” ‘होय’ म्हणण्याचा मोह मला झाला, हें कबूल केलें पाहिजे. पण मीं खरें तें सांगितलें. ती रागावली नाहीं. खालीं बसून मुकाट्यानें सुया ओंजळींत गोळा करूं लागली.

तीस वर्षें मीं शाळेंत शाकुंतलाच्या चौथ्या अंकांतला तो प्रसंग शिकविला. झाडांना पाणी पाजल्यावांचून स्वतः पाणी न पिणारी कण्वकन्या मुलांपुढें उभी करतांना माझा कंठ दाटून येई. मुलांस तें किती कळलें, कोण जाणे. गुरुजींस मात्र कळलें नव्हतें!

त्या रात्रीं आम्हीं सारे शृंगार उतरविले, झाड आडवें केलें, आणि मुलानें पुन्हां इंचभर तळ कापला. सकाळीं भांड्यांतील पाणी अर्ध्यावर आलें होतें. मीं ज्याला मेलेलें समजत होतों, तें रात्रभर पाणी पीत होतें. नाताळापर्यंत तें हिरवें राहिलें. फक्त एक बाजू विरळ दिसे, ती आम्हीं भिंतीकडे केली.

जानेवारींत नगरपालिकेची गाडी झाड घेऊन गेली. त्याचा चुरा करून तो बागांतील झाडांच्या बुडाशीं पसरतात. गाडी वळेपर्यंत नात खिडकीशीं उभी होती, आणि मीही.

आतां घरीं परतलों आहें. हल्लीं सकाळीं तुळशीपुढें हात जोडण्याआधीं मी तिची माती चांचपून पाहतों.