धूर म्हणजे न जळालेले सरपण

चुलीत लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळतात ते लाकडातून सुटलेले वायू. लाकूड २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते विघटित होऊ लागते आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा बराच मोठा भाग वायू व बाष्परूपाने बाहेर पडतो. हे वायू नीट पेटायला सुमारे ६०० अंश तापमान आणि पुरेशी हवा लागते. दोन्ही मिळाले तर ज्वाळा, यांतले एकही कमी पडले तर धूर. डोळे चुरचुरवणारा धूर हा असा न जळताच निसटलेला इंधनाचा भाग आहे. ज्वलनाचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चुलीपुढची सुरक्षितता आणि सरपणाची बचत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या कृतीने धूर कमी होतो, त्याच कृतीने जळणही कमी लागते.

सगळ्यात मोठा दोष ओल्या सरपणाचा. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. फोडून, आडोशाला रचून, वारा लागू दिला तर ते वीस टक्क्यांच्या आत येते. ओल्या लाकडातले पाणी उडवायला त्यातल्या एकूण उष्णतेचा साधारण सातवा भाग खर्ची पडतो. हा तोटा फार मोठा नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण खरा घात तापमानाचा होतो. पाणी उडत असताना चुलीचे पोट थंड राहते, वायू सुटतात आणि पेटत नाहीत. म्हणून माझ्या लेखी चुलीची पहिली निगा मे महिन्यातच सुरू होते: पावसाळ्याचे सरपण मृगाआधी फोडून, जमिनीपासून उचलून, छपराखाली रचलेले हवे. अखंड ओंडक्यापेक्षा फोडलेली ढलपी लवकर वाळते, कारण पाणी सालीतून सहज बाहेर पडत नाही.

पेटवतानाचा काळ सर्वांत धुराचा, कारण तेव्हा सगळेच थंड असते. तळाशी तुराट्या, काटक्या किंवा वाळलेली सोडणे सैल रचावीत, त्यांची ज्वाळा धरली की मग जाड लाकडे एकेक आत सरकवावीत. घाईने चुलीचे तोंड भरून टाकले की हवेची वाट बंद होते. साठलेल्या राखेनेही तेच होते. फुंकणी सतत हातात घ्यावी लागत असेल तर समजावे, की लाकूड ओले आहे किंवा हवेला जागा नाही. शिवाय फुंकणारीचा चेहरा नेमका धुराच्या तोंडाशी असतो. विझू आलेल्या चुलीवर रॉकेल ओतण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. निखाऱ्यांवर पडताच त्याची वाफ होते आणि ती वाफ भडकून बाटली धरलेल्या हातापर्यंत येते. प्लास्टिकच्या पिशव्या पेटवून जाळ धरणेही तितकेच टाळावे, त्यांचा धूर विषारी असतो. पदर खोचलेला, कपडा सुती आणि पाण्याची बादली हाताशी, हे नियम जुने आहेत आणि अजिबात शिळे झालेले नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हे सगळे कशाला, सुधारित चूल द्या. सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, धुराडी बसवली. पुढे हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात अशा चुलींचा काही वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर श्वासात जाण्याचे प्रमाण घटले, नंतर तो फायदा पुसला गेला, कारण लोक चुली नियमित वापरत नव्हते आणि त्यांची दुरुस्तीही होत नव्हती. मी यातून चूल वाईट असा निष्कर्ष काढत नाही. साफ न केलेले, तडकलेले धुराडे असले तर सुधारित चूलही पूर्वीइतकाच धूर घरात सोडते, एवढेच ते सांगते. दुसरा आक्षेप म्हणजे गॅस आला, चूल संपली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि जोडण्या घरोघर गेल्या, हे खरेच मोठे काम झाले. तरी सिलिंडर भरण्याचा खर्च आहे, भाकरी आणि आंघोळीचे पाणी आहे. त्यामुळे गॅस असलेल्या घरातही चूल आणि बंब पेटतातच. गॅस परवडत असेल तर तोच अधिक चांगला, यात मला शंका नाही. धुरामुळे छपराच्या वाशांना कीड लागत नाही, हा युक्तिवादही मी ऐकून घेतो, आणि त्यात तथ्य आहे. पण तोच धूर स्वयंपाकघरात बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मुलाच्या फुप्फुसात जातो. वासे टिकवण्याचे इतर उपाय आहेत.

ज्वाळा बसल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि तिथे खरा धोका सुरू होतो. लालभडक निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, गुंगी येते आणि माणूस उठण्याच्या स्थितीत राहत नाही. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी खोलीत घेऊन झोपणे, किंवा बंद न्हाणीघरात बंब पेटवून आंघोळ करणे, म्हणून कधीही करू नये. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवावा. राखेखाली झाकलेले निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात, त्यामुळे राख काढताना लोखंडी घमेले घ्यावे, त्यावर पाणी शिंपडावे आणि कडब्याच्या गंजीपासून लांब ओतावी.