आजोबांचे मेज

जुन्या लाकडी वस्तूला नवे रूप द्यायचे असेल, तर आधी काय ठरवाल? तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, "रंग कोणता लावायचा ते." पण लाकडाला रंग लावलाच पाहिजे, असे नाही. लाकडाचा मूळ रंग आणि त्यावरील रेघा दिसत राहाव्यात, म्हणून पारदर्शक पॉलिशही लावता येते.

आमच्या घरी आजोबांचे सागवानी मेज आहे. आजोबा शिक्षक होते. रात्री याच मेजावर ते मुलांच्या वह्या तपासत. त्यावर लाल शाईचा एक मोठा डाग आहे. काही वर्षांपूर्वी मेजाचे पॉलिश निघू लागले. धाकटा भाऊ म्हणाला, "गडद तपकिरी ऑइलपेंट लावू. डाग झाकला जाईल." आजी काहीच बोलली नाही. तिने त्या डागावरून फक्त हात फिरवला. रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही शेजारच्या मिस्त्रीचाचांना बोलावले. ते म्हणाले, "बेटा, पारदर्शक पॉलिश काही लपवत नाही. आधी लाकूड नीट घासा." आम्ही ८० नंबरचा पॉलिशपेपर घेतला, मग १२० आणि शेवटी २२० नंबरचा. लाकडाच्या रेघांच्या दिशेनेच घासले. आडवे घासले, तर ओरखडे पॉलिशखालूनही दिसतात. शाई खोल मुरली होती. डाग फिका झाला, पण राहिला.

मग चाचांनी तीन प्रकार समजावून सांगितले. पहिले अळशीचे, म्हणजे जवसाचे तेल. ते लाकडात मुरते आणि सौम्य झळाळी देते; पण हळू सुकते. या तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून ती पसरून वाळवावीत.

दुसरे लाखेचे पॉलिश. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील बारीक किडे लाख तयार करतात. झारखंडात तिचे मोठे उत्पादन होते. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने पातळ थर देतात. त्यावर ओला पेला किंवा गरम कप ठेवला, तर पांढरा डाग पडतो. मात्र नवा थर जुन्या थरात मिसळतो. त्यामुळे दुरुस्ती सोपी असते.

तिसरे पॉलियुरेथेन. त्याचा थर कठीण असतो आणि पाण्याला दाद देत नाही. पण तो खराब झाला, की बहुधा पुन्हा घासावे लागते.

"या मेजावर काय ठेवणार?" चाचांनी विचारले.

"वह्या आणि पुस्तके," मी म्हणालो.

"मग लाख लावा. उद्या तुमची मुलेही ते दुरुस्त करू शकतील."

चहाच्या तिपाईला मात्र आम्ही पॉलियुरेथेन लावले. आज आजोबांच्या मेजावर माझी भाची अभ्यास करते. तो लाल डाग कसला, हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते.

तुम्हीही कधी असे काम कराल, तर घासलेले लाकूड ओल्या फडक्याने पुसून पाहा. पॉलिशनंतर त्याचा रंग साधारण कसा दिसेल, ते कळेल. मग वस्तूच्या खालच्या बाजूला थोडे पॉलिश लावून बघा. खिडक्या उघड्या ठेवा आणि विस्तव दूर ठेवा. केवळ चकाकीला भुलू नका. त्या वस्तूचा रोजचा उपयोग काय आणि तिच्यावरचे काय जपायचे, ते आधी ठरवा.