दोर धरणारा हात

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून कुरवंड्याकडे जाणारा रस्ता लांबीने थोडा. पण तो दोन निराळ्या जगांना जोडतो. एका टोकाला चिक्कीची, किराण्याची आणि कापडाची दुकाने, गादीवर बसलेली तिसरी पिढी आणि पर्यटकांची वर्दळ. दुसऱ्या टोकाला मावळातली भातखाचरे, नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’ या प्रशिक्षण केंद्राचा परिसर आणि या सर्वांवर फणा काढून उभी असलेली नागफणी. इंग्रजांना या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाचा भास झाला, म्हणून त्यांनी त्याचे नाव ‘ड्यूक्स नोज’ ठेवले. गावकऱ्यांना मात्र त्यात नागाचा फणाच दिसत आला. एकच कडा, पाहणाऱ्यांच्या दोन नजरा.

या गावाच्या घाटवाटेला इतिहास आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची जड सरंजामाची फौज कुरवंड्याचा घाट उतरून उंबरखिंडीत आली आणि शिवरायांच्या मोजक्या माणसांनी तिला तेथे कोंडीत पकडले. वाट कोणाला ठाऊक आहे, यावर त्या दिवसाचा निकाल ठरला. आज त्याच परिसरात सुट्टीच्या दिवशी मुले-मुली पाठीवर दोर घेऊन येतात. त्यांची लढाई उभ्या दगडाशी असते, आणि तीही नकळत वयाशी.

प्रस्तरारोहण हा खेळ मोठा विलक्षण आहे. क्रिकेटमध्ये अकरा जण, कुस्तीत एकास एक. येथे मात्र एकाच दोराला दोन माणसे बांधलेली असतात. चढणारा कमरेच्या पट्ट्याला आठच्या आकड्यासारखी गाठ मारतो आणि कड्याला भिडतो. दुसरा खाली उभा राहून दोर सांभाळतो. या कामाला आरोहक ‘बिले देणे’ म्हणतात. त्याचा एक हात दोर पुढे देतो, दुसरा रोधकाचे काम करतो, आणि हा दुसरा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये, हा पहिला नियम. दोर फार ताणला तर चढणाऱ्याचा तोल जातो. फार सैल सोडला तर तो निसटल्यावर खोलवर कोसळतो. टाळ्या चढणाऱ्याला मिळतात. जीव मात्र खाली उभ्या असलेल्याच्या मुठीत असतो.

अशा खेळात समान स्वभावाची माणसे एकत्र येतातच असे नाही; किंबहुना भिन्न स्वभावांचीच जोडी अधिक जमते. कल्पना करावी, की दोराच्या एका टोकाला कुरवंड्याची सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. लहानपणापासून गुरांमागे डोंगर तुडवलेली, पावसाळ्यात कोणता दगड निसरडा आणि कोणता भरवशाचा हे पायाच्या तळव्याने ओळखणारी, बोलण्यात फटकळ, निर्णयात तत्पर. दुसऱ्या टोकाला बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा. शाळा सुटल्यावर दुकानात बसलेला, प्रत्येक गाठ दोनदा तपासणारा, पैसा मोजताना ओठ न हलवणारा, उंचीला घाबरणारा; पण ती भीती कबूल करण्याचे धैर्य असलेला. ती त्याला ‘हिशेबनीस’ म्हणून चिडवते. तो तिला पुन्हा पुन्हा बजावतो, “गाठ बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही.” तिच्या धाडसाला त्याच्या सावधपणाचा आधार मिळतो, त्याच्या भित्रेपणाला तिच्या हसण्याने पाय फुटतात. सहा महिन्यांत केव्हातरी त्या दोघांना कळून चुकते, की दोर सोडला तरी काहीतरी बांधलेले राहते.

यात नवल काहीच नाही. ज्याच्या हाती एकदा जीव दिला, त्याच्याविषयी मनात जिव्हाळा उपजणे हा मनुष्यस्वभावच आहे. प्रश्न त्या दोघांचा नसतोच. प्रश्न त्यांच्या दोन घरांचा असतो. ही बातमी एखाद्या संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचते. “लोक काय म्हणतील?” हा पहिला उद्गार. “धाकटीच्या स्थळाचे काय होईल?” हा दुसरा. त्याच वेळी कुरवंड्यातल्या एखाद्या ओसरीवरही तितकाच संताप पेटलेला असतो. कारण अब्रू ही केवळ पेढीवाल्यांचीच असते, असे थोडेच आहे? मग मुलाचा मोबाइल काढून घेतला जातो, मुलीचे कॉलेज बंद होते, आणि ज्या खेळाने दोघांना शिस्त लावली तोच गुन्हेगार ठरतो.

या वळणावर पुढे काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पडद्यावर पाहिले आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट सुरू होतो तो गावच्या क्रिकेट सामन्याने. मच्छीमाराच्या घरातला परश्या मैदानावरचा नायक. तर बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची गावच्या सत्ताधारी पाटलाची लेक. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या या कथेचे पात्र रंगवणारी रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती, आणि आकाश ठोसर हा कुस्तीच्या आखाड्यातला मल्ल. रिंकूच्या अभिनयाची त्रेसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. अजय-अतुल यांच्या संगीतावर गावोगावची चित्रपटगृहे नाचली. मात्र शेवट पाहून तीच चित्रपटगृहे निःशब्द झाली. हैदराबादेत संसार थाटलेल्या त्या जोडप्याच्या दारी माहेरचे नातेवाईक भेटवस्तू घेऊन येतात, मुलगी चहा ठेवते, आणि थोड्या वेळाने त्या घरात जिवंत उरते ते केवळ त्यांचे लहान मूल. मैदानावर ज्यांनी परश्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी एकही वडीलधारा त्याच्यासाठी दोर धरून उभा राहिला नव्हता. शोकांतिकेचे मूळ प्रेमात नव्हते. ते या रिकाम्या जागेत होते.

याच्या नेमकी उलट घटना क्रीडाविश्वाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा हॅरॉल्ड कॉनोली याने ६३.१९ मीटर हातोडाफेक करून सुवर्णपदक जिंकले, तर चेकोस्लोव्हाकियाच्या ओल्गा फिकोतोव्हा हिने ५३.६९ मीटर थाळीफेक करून. तो जन्मापासून अधू डाव्या हाताचा शिक्षक. ती प्राग येथील वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी. वयाने दोघे पंचविशीच्या आसपास. शीतयुद्धाच्या त्या काळात त्यांच्या दोन देशांमधील दरी कुरवंडे आणि बाजारपेठ यांच्यातील अंतराहून कितीतरी खोल होती. तरीही त्या मैत्रीचे प्रेमात रूपांतर झाले. चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत विनंती गेली, परवानगी मिळाली, आणि मार्च १९५७ मध्ये प्रागमध्ये हजारोंच्या गर्दीत विवाह झाला.

त्या विवाहात साक्षीदार म्हणून उभे होते एमिल आणि दाना झातोपेक. हे पती-पत्नी १९ सप्टेंबर १९२२ या एकाच दिवशी जन्मलेले, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी दोघांनीही सुवर्णपदक मिळवलेले: त्याने पाच हजार मीटर धावण्यात, तिने भालाफेकीत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतील कांस्यपदक भारतात आणले, ते याच हेलसिंकीहून. देशात अपार मान असलेल्या माणसाने आपली पत त्या नवख्या जोडप्यामागे उभी केली, ही गोष्ट व्यापारी घरांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पतीचा जामीनदार मिळाला की अडलेला व्यवहार मार्गी लागतो.

पुढे ओल्गा अमेरिकेची नागरिक होऊन त्या देशातर्फे आणखी चार ऑलिम्पिक खेळली, आणि १९७२ मध्ये म्युनिक येथे तिने त्या पथकाचा ध्वजही वाहिला. चार अपत्यांनंतर हे दांपत्य विभक्त झाले, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. परस्परविरोध आकर्षण निर्माण करतो. संसार मात्र आकर्षणावर चालत नाही, तो रोजच्या सांभाळण्यावर चालतो. विवाह टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. तो निर्णय भयाच्या छायेत घेतला जाणार नाही, एवढी हमी मात्र वडीलधारे नक्की देऊ शकतात.

कायद्याची चौकट तर स्पष्टच आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण झाल्याखेरीज विवाह नाही. अठरा वर्षांखालील संबंधांना २०१२ च्या पोक्सो कायद्याने कठोर मर्यादा घातली आहे आणि तेथे ‘दोघांची संमती होती’ हा बचाव चालत नाही. दोघांनीही विवाहाचे वय गाठल्यावर १९५४ चा विशेष विवाह कायदा भिन्न धर्माच्या किंवा जातीच्या वधूवरांनाही वाट देतो. त्यासाठी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात पंचायतीने किंवा जमावाने आडवे येणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात बजावले. म्हणजे सोळाव्या वर्षी थांबवण्याचा अधिकार पालकांना आहे, कर्तव्यही आहे. एकविसाव्या वर्षानंतर मात्र उरतो तो केवळ समजावण्याचा अधिकार. मधली चार-पाच वर्षे हीच खरी पुंजी. ती संतापात उधळायची की संवादात गुंतवायची, हे प्रत्येक घराने ठरवावे.

संवाद म्हणजे होकार नव्हे. “शिक्षण पूर्ण होऊ दे, खेळ चालू ठेव, लपवून भेटू नकोस, घरी घेऊन ये,” असे सांगणारा पिता मुलाला हवे ते सर्व देत नाही. तो त्याला फक्त खोटे बोलण्याच्या गरजेतून मुक्त करतो. घरी आलेल्या मुलीला पाणी विचारणारी आई लग्नाला संमती देत नसते; ती समोरच्या माणसाची ओळख करून घेत असते. खानपान, व्रते, भाषा, राहणी यांतील फरक तेव्हाच उघडपणे बोलता येतात. काही जोड्यांना त्या बोलण्यातूनच उमगते, की ही केवळ डोंगरावरची मैत्री होती, आणि कोणाचीही मानहानी न होता वाटा वेगळ्या होतात. काहींची ओढ पाच वर्षांनंतरही तितकीच राहते. ती मग किशोरवयीन खूळ म्हणून झटकता येत नाही. दुकानात नवा माल घेताना नमुना पाहिल्याशिवाय जो परत पाठवत नाही, त्याने माणसाच्या बाबतीत तेवढे तरी करावे.

नागफणीच्या कड्यावर नवशिक्याला शिकवले जाते, की वर चढणाऱ्याकडे पाहून ओरडू नये. त्याने त्याचे पाय थरथरतात. दोर हाताळावा, तो किती सैल आणि किती ताठ आहे ते सतत जाणून घ्यावे, आणि हाक आली की उत्तर द्यावे. एवढे पाळणारा माणूस खाली उभा असला, तर वरच्याला खाली पाहण्याची गरजच पडत नाही.