रोमच्या चिलखताचे मालक

मोनोपोलीचा पट घरोघरी पोचवणाऱ्या पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीनं १९७९ साली आपली पहिली ॲक्शन फिगर बाजारात आणली. साधारण फूटभर उंचीचा, चंदेरी चिलखतातला परग्रहवासी. डोकं चौकोनी, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. हिरवे दिवे महाग पडत होते, म्हणून लाल. शोधकांनी त्याला संगणकाच्या भाषेवरून ‘कोबोल’ म्हटलं होतं, कंपनीनं ते बदलून ‘रोम’ केलं. सोबत तीन हत्यारं होती : ॲनालायझर, न्यूट्रलायझर आणि ट्रान्सलेटर. दिवे लागायचे, आवाज यायचे. पण हातपाय फारसे वळायचे नाहीत. खेळणं अपेक्षेइतकं खपलं नाही आणि कंपनीनं लवकरच त्याचा नाद सोडला.

पात्रांच्या हक्कांचे करार लिहिणं आणि तपासणं हा माझा व्यवसाय आहे. या क्षेत्रात मला सर्वांत जवळचं वाटणारं पात्र हेच. काल्पनिक पात्र नेमकं कुणाचं असतं, हा प्रश्न रोमच्या बाबतीत जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल.

खेळण्याची जाहिरात व्हावी म्हणून पार्कर ब्रदर्सनं मार्व्हलला कॉमिक्स काढण्याचा परवाना दिला. काम आलं लेखक बिल मँटलो आणि चित्रकार साल ब्युसेमा यांच्याकडे. खेळण्यांवरून कथा लिहिणं मँटलोला नवं नव्हतं. मुलाला नाताळात मिळालेल्या ‘मायक्रोनॉट्स’ या खेळण्यांवरून त्यानं त्याच नावाची मालिका मार्व्हलकडे उभी केली होती. पण रोमबरोबर त्याला खोक्यातून मिळालं ते फारच थोडं : एक आकार, एक नाव, तीन हत्यारं.

त्यातून त्यानं काय उभं केलं, ते बारकाईनं पाहण्याजोगं आहे. गॅलाडोर ग्रहावर डायर रेथ नावाच्या रूप पालटणाऱ्या शत्रूचं संकट येतं. त्याच्याशी लढायला जे तरुण पुढे होतात त्यांचं शरीर यंत्राशी जोडलं जातं, माणूसपण काढून ठेवलं जातं. लढाई संपली की ते परत मिळेल, असं वचन असतं. पुढे सरसावणाऱ्यांत पहिला रोम. दोनशे वर्षं शत्रूचा माग काढत तो वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेअरटन नावाच्या काल्पनिक गावात उतरतो. तिथे रेथ माणसांच्या रूपात आधीच मुरलेले आहेत. कुणी दुकानदार, कुणी सरकारी अधिकारी.

मँटलोची खरी प्रतिभा मला इथे दिसते. ॲनालायझरच्या उजेडात समोरचा माणूस आहे की रेथ, हे फक्त रोमला कळतं. मग तो न्यूट्रलायझर उचलतो आणि रेथला लिंबो नावाच्या पोकळीत हद्दपार करतो. तो कुणालाही मारत नाही. पण रस्त्यावरच्या लोकांना दिसतो एक धातूचा राक्षस, आणि त्यानं डोळ्यांदेखत भस्म केलेला आपला शेजारी. ज्यांना वाचवायला तो आला, तेच त्याच्यावर बंदुका रोखतात. खेळण्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या दोन तुकड्यांतून लेखकानं एक शोकांतिका काढली. बाहुल्याचे ताठ हातपायसुद्धा वाया गेले नाहीत. मला तर तो ताठपणा म्हणजे स्पर्श हरवलेल्या देहाचं दुःख वाटतं. ब्रँडी क्लार्क ही तरुणी त्याच्यावर विश्वास ठेवते, पुढे प्रेमही करते. पण चिलखत उतरवून तिच्यासमोर उभं राहणं त्याला शक्य नाही. अशी व्यथा एखाद्या जाहिरातीच्या कॉमिकमध्ये असेल, अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

मार्व्हलनं रोमला आपल्या विश्वात मोकळेपणानं वावरू दिलं. एक्स-मेन, पॉवर मॅन आणि आयर्न फिस्ट, हल्क, थिंग, सगळ्यांशी त्याची गाठ पडली. ग्रह गिळणारा गॅलेक्टस गॅलाडोर गिळायला निघाला. डायर रेथ ही मार्व्हलच्या जुन्या स्क्रल वंशाचीच शाखा ठरवण्यात आली. एक्स-मेनमधल्या स्टॉर्मची शक्ती ज्या बंदुकीनं नाहीशी झाली, ती फोर्ज नावाच्या संशोधकानं रोमच्या न्यूट्रलायझरवरून बनवलेली होती. ती घटना एक्स-मेनच्या इतिहासातल्या मोठ्या घटनांपैकी एक आहे, आणि तिच्या मुळाशी एका न खपलेल्या खेळण्याचं हत्यार आहे. माझ्या व्यवसायात असा गुंता दिसला की आम्ही सावध होतो. उसना घेतलेला धागा कापडात इतका विणला गेला तर तो परत कसा करणार?

मालिका ७५ अंक चालली. डिसेंबर १९७९ ते फेब्रुवारी १९८६. खेळणं कधीच बंद पडलं होतं. शेवटच्या काळातली चित्रं स्टीव्ह डिटकोची, स्पायडरमॅनला रूप देणाऱ्या त्याच चित्रकाराची. अखेरच्या अंकात रोमला त्याचं मानवी शरीर मिळतं आणि ब्रँडीही.

त्यानंतर परवाना संपला आणि वाटणी झाली. नाव आणि चिलखत खेळण्याच्या मालकाकडे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत पार्कर ब्रदर्स १९९१ साली हॅस्ब्रोकडे गेली, तिच्यासोबत रोमही गेला. गॅलाडोर, स्पेसनाइट म्हणजे रोमसारखे यंत्रदेही योद्धे, आणि कथानक मार्व्हलकडे राहिलं. २००० साली जिम स्टारलिननं मार्व्हलसाठी ‘स्पेसनाइट्स’ लिहिली, तेव्हा नायकाच्या बापाचा, म्हणजे रोमचा, उल्लेख आर्टूर या नावानं करावा लागला. रोम हे नाव उच्चारायची सोय नव्हती. जुने अंक पुन्हा छापता येत नव्हते. इतर नायकांच्या मालिकांचे संग्रह निघाले, तेव्हा जिथे रोम पाहुणा होता तिथे भोकं पडली. एका पिढीला ही कथा जुन्या अंकांच्या ढिगाऱ्यांतच शोधावी लागली.

२०१६ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशनानं हॅस्ब्रोच्या परवान्यानं रोमला परत आणलं. ‘रेव्होल्यूशन’ या मालिकेत तो ट्रान्सफॉर्मर्स, जी. आय. जो, मायक्रोनॉट्स यांच्यासोबत एकाच जगात आला. पुढे ट्रान्सफॉर्मर्सशी त्याची वेगळी मालिकाही झाली. चिलखत जवळपास तेच, शत्रू तेच, पण गॅलाडोर नाही आणि क्लेअरटनही नाही. मेहनतीनं केलेलं काम आहे ते, आणि तरीही ते वाचताना माझं मन लागलं नाही. दुकानातल्या खेळण्यांची एकाच फळीवर मांडणी करता येते. मँटलोनं रोमला जे एकटेपण दिलं होतं, ते त्या गर्दीत उरलं नाही.

आणि मँटलो? अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानंतर कॉमिक्सच्या प्रकाशकांनी लेखक-चित्रकारांकडून ‘वर्क फॉर हायर’च्या करारांवर सह्या घेतल्या. म्हणजे कायद्याच्या नजरेत लेखक हा प्रकाशकच. मँटलो पुढे वकील झाला; ब्राँक्समध्ये गरिबांचे फौजदारी खटले बचाव वकील म्हणून चालवू लागला. १९९२ साली रोलरब्लेडवरून जाताना मोटारीनं धडक दिली, मेंदूला जबर इजा झाली आणि नंतरची अनेक वर्षं शुश्रूषागृहात गेली. त्याच्या खर्चासाठी २००७ मध्ये पोर्टलंडला चित्रकारांनी रोमची नवी चित्रं काढून विकली. ज्या पात्रावर त्याचा कायदेशीर हक्क शून्य होता, त्याच पात्राच्या चित्रांतून त्याच्यासाठी पैसे उभे राहिले. वकील म्हणून नव्हे, वाचक म्हणून मला त्या चित्रकारांचं ऋण वाटतं.

२०२३ मध्ये मार्व्हल आणि हॅस्ब्रो यांचं जमलं आणि पुढच्या वर्षी मूळ मालिकेच्या जाड संग्रहाची सुरुवात झाली. परवाना संपल्याला सदतीसेक वर्षं झाली होती.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क विकल्यावरही लेखकाचं श्रेय शाबूत ठेवणारं कलम आहे, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. चित्रकथा काढणारे तरुण माझ्याकडे येतात ते मानधनाचा आकडा विचारायला. मी आधी दुसरं कलम शोधते : परवाना संपल्यावर, आधी छापून झालेल्या कथा पुन्हा छापायचा हक्क कुणाचा? बहुतेक मसुद्यांत त्याबद्दल एक ओळही नसते. तेव्हा मी त्यांना रोमची ही सगळी हकिकत सांगते आणि ते कलम लिहून घेतल्याशिवाय सही करू देत नाही.